उतरलेला गांधार

माझं नाव मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की ते एका रागाचं आहे, आणि ते ज्याने ज्याने ऐकलं त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अरे वा! मग गाऊन दाखव की काहीतरी!" शाळेत झालं, नात्यात झालं, बसचं लायसन्स काढायला गेले तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीसुद्धा सोडलं नाही. मी काही गायले नाही. गायले असते तर लायसन्स मिळालं नसतं.

मी शहरात बस चालवते. आवाज माझा खणखणीत आहे. दारात लोंबकळणाऱ्याला एका हाकेत आत घेते, माइकची गरज पडत नाही. सुराच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. आता हे दुसऱ्या कुठल्या घरात खपून गेलं असतं, पण माझी आई गाण्याची शिकवणी घेते. आमच्या भागात ज्याला म्हणून चार ओळी धड म्हणता येतात, तो तिच्या हाताखालून गेलेला आहे. सगळे तिला बाई म्हणतात. मीही म्हणते, पण अर्धवेळ. आमच्या घराचा नियमच आहे तसा. पुढच्या खोलीत, जिथे सतरंजी, पेटी आणि तंबोरा असतो, तिथे त्या बाई. मधला उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आली की ती आई. लहानपणी मी पुढच्या खोलीत चुकून "आई" अशी हाक मारली तर बाईंना ती ऐकूच जायची नाही.

"या खोलीत आई नाही आणि लेक नाही," त्या म्हणायच्या. "इथे शिकवणारी असते आणि शिकणारे असतात. जी शिकवते ती बाई."

नव्या विद्यार्थ्याला बाई पहिल्या दिवशी एक छोटीशी सुरावट देतात. त्यांचीच बांधलेली, शब्द नसलेली. षड्जावरून निघायचं, रिषभाला नुसता हात लावायचा, गांधारावर थांबायचं, मग पंचमापर्यंत हिंडून पुन्हा गांधारावर येऊन बसायचं. शेंबडी पोरंसुद्धा दोन दिवसांत पाठ करतात. मलाही पाठ झाली. फक्त माझा गांधार उतरायचा. गांधार म्हणजे सात सुरांतला तिसरा. बाकीच्यांचा जिथे थांबायचा त्याच्या जरा खाली माझा थांबायचा.

"चढव," बाई म्हणायच्या. मी चढवायची. "अजून." मी मान वर करायची, भुवया वर करायची, शेवटी टाचा वर करायची. गांधार जिथल्या तिथे.

मग वर्गाचा कार्यक्रम आला. हॉल भरलेला, पोरं स्टेजवर ओळीने उभी. बाईंनी मला मागच्या रांगेत उंच मुलांच्या आड सरकवलं आणि कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नकोस."

मी ओठ हलवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर आईने स्वयंपाकघरात मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, सगळं केलं. पण पुढच्या खोलीत शिकायला मी परत बसले नाही. आणि तेव्हाच ठरवून टाकलं की आपल्याला पोर झालं तर त्याचं नाव साधं, सरळ, मुकं ठेवायचं. ते ऐकून कुणालाही गाण्याची आठवण होता कामा नये.

सुरावट मात्र काही सुटली नाही. अख्ख्या आयुष्यात एकच गाणं पाठ असल्यावर माणूस दुसरं काय गुणगुणणार? सिग्नलला थांबले की तीच, भांडी घासताना तीच. पोटुशी होते तेव्हा डेपोने माझ्या हातातली बस काढून मला एका टेबलामागे बसवलं. तिथे बसून करायचं काय, तर दिवसभर पोटावर हात ठेवून तेच गुणगुणायचं. माझ्या नवऱ्यालाही ते आपोआप येऊ लागलं. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. आम्ही आईच्याच घरी राहतो, त्याच इमारतीत खाली त्याचं दुकान आहे. माणूस अबोल. गाण्याशी त्याचा संबंध आला तो फक्त माझ्यामार्फत, म्हणजे कसा आला असेल ते तुम्हीच बघा.

मुलगा झाला. मी अजून शुद्धीवर नीट आलेसुद्धा नव्हते, तोवर आई खाटेशी येऊन म्हणाली, "हिंडोल."

"काय?"

"नाव. हिंडोल ठेवायचं. किती दिवसांपासून मनात राखून ठेवलंय."

नवरा म्हणाला, "शाळेत त्याला झोपाळा म्हणतील."

"म्हणू देत. त्यांना राग कळत नाही त्याला आपण काय करणार?"

"आई," मी म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव मी ठेवणार आहे."

"तू काय ठेवणार?"

"साधंसं. पटकन संपणारं. घशाला त्रास न देणारं."

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की नर्सबाई गोळी द्यायची विसरून बाहेर गेली. आमच्या घरातली नावं सुरांतून येतात आणि ती आई ठेवते, यात आजवर कुणी ढवळाढवळ केली नव्हती. तिच्या विद्यार्थ्यांच्या पोरांचीसुद्धा तिनेच ठेवलेली. आता पोटची पोर आडवी आली.

त्यानंतर पोर बिननावाचंच राहिलं. मी त्याला पॅसेंजर म्हणायची, नवरा साहेब म्हणायचा, आणि आई हट्टाने काहीच म्हणायची नाही, नुसतं "ए बाळा". पॅसेंजरचा आवाज थेट माझ्यावर गेला होता. भूक लागली की इमारत दणाणायची, पोट भरलं की झोप येत नाही म्हणून दणाणायची. त्याचा मुख्य कार्यक्रम नेमका संध्याकाळी, बाईंचा वर्ग रंगात आला की सुरू व्हायचा.

एका संध्याकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. खाली आले तो पोराने घर डोक्यावर घेतलेलं, आणि बाईंनी त्याला पुढच्या खोलीत आणवलेलं. सगळा वर्ग गोल करून बसला होता. बाईंच्या चेहऱ्यावर मोठा आत्मविश्वास होता.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर सांगते. नाव सुरातून येतं. जो याला आपल्या सुराने शांत करेल त्याने याचं नाव ठेवावं. मग कुणी कुरकुर करायची नाही."

"बाई, शब्द पक्का?"

"या खोलीत मी कच्चं काही बोलत नाही."

त्यांनी तंबोरा जुळवला, डोळे मिटले आणि तीच सुरावट लावली. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. बाईंचा गांधार लागला की भिंतीसुद्धा सरळ बसतात. पॅसेंजरने तो गांधार ऐकला, क्षणभर थबकला, तोंड वाकडं केलं आणि आधीच्या दुप्पट जोराने भोकाड पसरलं.

बाईंनी पट्टी खाली घेतली. मग वर घेतली. मग नुसता आकार लावला. दर वेळी तेच. गांधार आला की पोर उसळायचं. वर्ग छताकडे बघू लागला. मग बँकेतले कॅशियर पुढे सरसावले. हे बाईंचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात शिस्तीचे विद्यार्थी. नोट मोजावी तसा एकेक सूर पारखून लावतात. त्यांनी घसा साफ करून, अगदी बिनचूक गायलं. पोर काळंनिळं झालं.

मला ते बघवेना. मी ओल्या हातांनीच त्याला उचललं आणि स्पर्धाबिर्धा विसरून, रोजच्यासारखी, गुणगुणायला लागले. षड्ज, रिषभ, आणि माझा तो जरा खाली थांबणारा गांधार. हुंदका अर्ध्यावर थांबला. दुसऱ्या फेरीला मुठी सुटल्या. तिसऱ्या फेरीला पॅसेंजर माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपला होता.

पोरांमधली एक चिमुरडी तेवढी म्हणाली, "पण बाई, ताईंचा चुकला ना?"

"योगायोग," बाई म्हणाल्या.

योगायोग दुसऱ्या दिवशी झाला, तिसऱ्या दिवशी झाला. चौथ्या दिवशी पोर पुन्हा रडायला लागलं आणि मी त्याला उचलायच्या आत बाई म्हणाल्या, "तो आईला ओळखतो. सुराला नाही. अंगाचा वास, आवाज, सवय. यात सूर कुठे आला?"

या बोलण्यात तथ्य होतं. मला खरं तर रडूच यायला लागलं होतं. एकदा, आयुष्यात एकदाच, त्या खोलीत मी गायले आणि कुणालातरी ते हवं होतं. तेही माझ्या हातून सुटत होतं.

तेवढ्यात नवरा दुकानातून वर आला. कपाळावर घड्याळजीचं भिंग तसंच, हातात चिमटा. "खाली गिऱ्हाईक म्हणतंय, कुणाला मारताय का," म्हणाला. पोर रडतंय बघून त्याने चिमटा खिशात टाकला, पोराला घेतलं आणि खिडकीशी जाऊन, आपल्या घोगऱ्या, चपट्या आवाजात तीच सुरावट म्हणायला लागला. माझ्याकडून उचललेली. माझ्या गांधारासकट.

पोर गप्प. नुसतं गप्प नाही, भिंगाकडे बघून हसलंसुद्धा.

मी बाईंकडे बघितलं. सगळा वर्ग बाईंकडे बघत होता. वास नाही, आईचा आवाज नाही, काही नाही. होता तो फक्त उतरलेला गांधार. पोटात असल्यापासून पॅसेंजरने तो तसाच ऐकला होता, आणि त्याच्या हिशेबी तोच खरा होता. म्हणजे त्याच्या लेखी या खोलीत आजवर बेसूर कोण, तर बाई, आणि त्यांच्या पाठोपाठ कॅशियर.

बाई उठल्या. "ठेव तुला हवं ते नाव," म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. आत गेल्यावरही त्या दिवशी त्यांची आई झाली नाही. भाकऱ्यासुद्धा बाईंनीच थापल्या म्हणा ना.

जिंकले होते मी. आता नाव ठेवायचं होतं आणि एकही नाव पोराला बसत नव्हतं. दोन अक्षरी झाली, तीन अक्षरी झाली. सगळी साधी, सगळी मुकी. हाक मारून बघायची आणि वाटायचं, शेजारच्याच्या पोराला बोलावतेय. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "घाई काय आहे? साहेब चाललंय की."

घाई होती. माझी रजा संपत आली होती. मी बसवर गेले की दिवसभर पोराला कोण बघणार? नवऱ्याच्या दुकानात सगळी बारीक चक्रं आणि स्क्रू. पोराने पहिल्याच दिवशी एखादं घड्याळ गिळलं असतं. राहता राहिली आई. आणि आईकडे तो झोपत नव्हता.

रजेच्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार. पोर माझ्या मांडीवर पेंगत होतं. स्वयंपाकघरातून नळाच्या धारेचा आवाज येत होता, उगीचच चालू ठेवल्यासारखा. पोराला घेऊन आत डोकावले. आई ओट्याला टेकून उभी होती, डोळे मिटलेले, एक हात कानावर. नळाच्या आवाजाआड ती माझा गांधार लावायचा प्रयत्न करत होती.

जमत नव्हतं. गळा सवयीने वर निसटायचा, नाहीतर पार खालच्या कोमल गांधारावर जाऊन पडायचा. मधे, माझ्या जागेवर, तो थांबतच नव्हता. ज्या बाईने भल्याभल्यांचे गळे सरळ केले, ती ओट्यापाशी घामाघूम झाली होती. मी नळ बंद केला. ती दचकली.

"पाणी वाया चाललंय," मी म्हणाले.

"मेलं बसत नाही," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पेटीवर शोधला. पेटीत याची पट्टीच नाही. तू घरी नसताना हे लेकरू रडेल आणि मी गाणारी बाई नुसती बघत बसणार का?"

"पुढच्या खोलीत तंबोऱ्यावर का नाही बसत?"

"तंबोऱ्यासमोर असला सूर लावायला जीभ रेटत नाही. हे स्वयंपाकघरापुरतं हं. पुढच्या खोलीत हा येता कामा नये."

जरा टोचलं. पण म्हटलं, असू दे. पोराला खांद्यावर घेतलं आणि तिच्यासमोर उभी राहिले. "म्हण."

तिने म्हटलं.

"चढला."

"कळतंय मला."

"तू त्याला स्टॉपवर न्यायला बघतेस. स्टॉपवर न्यायचंच नाही. स्टॉप दिसला की पाय ब्रेकवर, गाडी अलीकडेच उभी. माणसं चालत येतील."

आईला हसू फुटलं. हसता हसताच तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा चढला. "खाली," मी म्हणाले. "अजून. इतका नाही, पडलीस. वर ये जरा. मान कशाला हलवतेस? टाचा खाली ठेव." टाचा म्हटल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती परत म्हणायला लागली. किती वेळ चाललं कोण जाणे, आमटी आटून गेली. आणि मग एकदा तिचा सूर निघाला, रिषभाला शिवला आणि अचूक माझ्या जागेवर येऊन उभा राहिला. तिच्या त्या तयार गळ्यात माझा गांधार मी पहिल्यांदा ऐकला. छान होता हो. खरंच छान होता.

खांद्यावरच्या पोराने मान फिरवली आणि तिच्याकडे टक लावून बघितलं.

"आला," मी म्हणाले.

आईने त्याला हातात घेतलं. ती सुरावट म्हणत राहिली, ते डोळे मिटत गेलं. मग हळूच मला म्हणाली, "मला वाटायचं तू चुकतेस. चुकणारं माणूस रोज वेगळीकडे पडतं गं. तू लहानपणापासून रोज इथेच येतेस. मी तुला गप्प बसायला सांगायला नको होतं."

इतकी वर्षं जपून ठेवलेला राग ऐनवेळी कुठे ठेवलाय तेच आठवेना. मी आमटीखालचा गॅस बंद केला.

"गांधार," मी म्हणाले.

"लागतोय ना आता बरोबर?"

"तो नाही. नाव. याचं नाव गांधार."

आई बघतच राहिली. "तू तर मुकं नाव ठेवणार होतीस. उद्या कुणी याला म्हणालं, गाऊन दाखव, तर?"

"दाखवेल की. एक सूर येतो त्याला. स्वतःचा आहे, उसना नाही."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने भिंग डोळ्यावरून काढलं, पोराला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "बसतंय." घड्याळाचं चक्र बसल्यावर म्हणतो तसंच.

कामावरचा पहिला दिवस माझा फार वाईट गेला. हात स्टिअरिंगवर आणि जीव घरात. ड्यूटी संपवून आमच्या रस्त्याला लागले तर रडण्याचा आवाज नाही. संध्याकाळची, वर्गाची वेळ, आणि रडणं नाही! झपाझप चालत इमारतीपाशी पोचले. नवरा दुकानाबाहेर उभा राहून वर खिडकीकडे बघत होता.

"ऐक," तो म्हणाला.

वरून अख्खा वर्ग गात होता. तीच सुरावट. षड्ज, रिषभ, आणि गांधार आला तेव्हा मला वाटलं, दिवसभर इंजिनाजवळ बसून माझे कान गेले. पुन्हा ऐकलं. सगळा वर्ग, लहान पोरं, थोरली माणसं, सगळे मिळून माझा गांधार लावत होते. पुढच्या खोलीत. तंबोऱ्यावर.

जिना कशी चढले ते आठवत नाही. दारातून पाहिलं तर सतरंजीच्या मधोमध दुपट्यावर गांधार झोपला होता, चारी दिशांना हातपाय टाकून. भोवती वर्ग. पोरांना मजा वाटत होती आणि जमतही होतं. कॅशियर मात्र रुमालाने कपाळ पुसत होते.

"बाई, माफ करा," ते म्हणाले, "पण हा गांधार उतरलेला आहे."

"उतरलेला नाही," बाई म्हणाल्या. "याची जागाच ती आहे. तुम्हाला अजून सापडली नाही. पुन्हा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चढला. गांधार झोपेत कुरकुरला. जुन्या सवयीने मी दाराशी, मागच्या उंच मुलांच्या आड उभी राहिले होते. युनिफॉर्म अंगावर, पिशवी खांद्याला. बाईंची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली.

"बाई," त्या म्हणाल्या, "मागे का उभ्या राहिलात? पुढे या."

वर्गाने वळून दाराकडे बघितलं. खोलीत दुसरी कुठली बाई आली ते कुणाला कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही, मी मागे जिन्याकडे बघितलं.

"तुम्हालाच म्हणतेय. यांचा गांधार सारखा चढतोय, मला एकटीला आवरत नाही. तुम्ही दाखवा यांना."

माझ्या जिभेला मात्र काही आवर नव्हता. "नुसते ओठ हलवू," मी विचारलं, "की आवाज काढू?"

"आवाज काढा," बाई म्हणाल्या आणि सरकून त्यांनी मला तंबोऱ्याशेजारची आपली जागा दिली. "चांगला मोठ्याने. खाली दुकानात ऐकू जाऊ दे."

मी बूट काढले, पिशवी कोपऱ्यात टाकली, पुढे जाऊन बसले आणि माझा गांधार लावला. माझ्यामागून सगळ्या वर्गाने लावला, बाईंनी लावला, शेवटी कॅशियरनीसुद्धा लावला. आणि ज्याच्या नावाचा तो सूर होता, तो पाय पसरून गाढ झोपला होता.